आजारी मेंढराला टोचत नसतात

महिपतीला खुर्चीवरनं उठवलं तेव्हा त्याच्या नळ्या अजून जोडल्याही नव्हत्या.

सांगोल्याच्या त्या डायलिसिस सेंटरात सहा खुर्च्या आणि सहा मशिनं. मंगळवार-शुक्रवारच्या सकाळच्या पाळीला तीच सहा माणसं. कुणी कुणाचं पाव्हणं नाही, पण वर्ष-दीड वर्ष शेजारी बसून एकमेकांचं रक्त फिरताना बघितलेलं. महिपती डाळिंबवाला तिसऱ्या खुर्चीवर. मशिनवर थंडी वाजते म्हणून आणलेली गोधडी त्यानं मांडीवर पसरली होती. अमृत टेक्निशियन हातात कागद घेऊन आला आणि लांबूनच म्हणाला, "महिपती, उठा."

"का? वजन तर केलं की मघाशी."

"रिपोर्ट आलाय. तुमाला कावीळ निघालीय. बी वाली."

"कावीळ? डोळं तर पांढरं हायेत माझं."

"डोळ्यात न्हाय, रक्तात हाय. आता ह्या मशिनवर चालत न्हाय. तुमच्यासारख्यांचं मशिन वेगळं लागतं, ते हितं न्हाय. सोलापूरला जावा."

"आज?"

"आज, उद्या, ते तुमी बघा. हितं न्हाय."

महिपती उठला. गोधडी पिशवीत कोंबायला लागला तर ती जाईना. पिशवीतला बिस्किटचा पुडा खाली पडला, फुटला. कुणी उचलून दिला नाही. उरलेल्या पाचजणांनी पाय मात्र वर घेतले. रक्तातनं रक्तात जाणारा आजार बिस्किटातनं येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. महिपती वाकला, दोन बिस्किटं गोळा केली, तीन तशीच सोडली आणि गेला. आठवड्यातनं दोनदा रक्त धुतलं तरच जगणारा माणूस रक्त न धुता घरी गेला. आपल्याकडं ह्याला 'रेफर केला' म्हणतात.

चौथ्या खुर्चीवरची बजाबाई हे सगळं बघत होती. वय पन्नासच्या वर, डाव्या हाताला शस्त्रक्रियेनं फुगवलेली शीर, मनगटापासनं कोपरापर्यंत गांडुळासारखी. आज तिचं वजन तीन किलो जादा भरलं होतं.

"तीन किलो पाणी!" अमृत सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "मावशी, टँकर तुमच्याच दारात रिकामा करतात का काय?"

बजाबाईनं मान खाली घातली. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात दिवसाला दोन फुलपात्रं पाण्यावर तिनं काढायचं, आणि एखाद्या दिवशी तिसरं प्यालं की हे असं.

वैजयंती सिस्टरनं सुई टोचता टोचता आवाज चढवला. "ऐका सगळ्यांनी. फेब्रुवारीपासून घसा फोडून सांगतेय, कावीळ बीची लस घ्या. तुमचं रक्त मशिनमधनं जातं म्हणून धोका जास्त, आणि तुमचं अंग लस कमी धरतं म्हणून डोस दुप्पट. चार वेळा घ्यायचा. घेतला कुणी? एकानंही नाही."

"मग द्या की हितंच," कुणीतरी म्हणालं.

"स्कीममध्ये मशिन बसतं, लस बसत नाही. वर लिहून तीन महिने झाले. तोवर बाहेरून आणा, टोचायला मी आहे."

भिंतीला टेकून बजाबाईचा नवरा जोतीराम उभा होता. पागोटं काखेत, काठी दाराबाहेर ठेवलेली. ती आत आणायची नाही असं वॉचमननं पहिल्याच दिवशी बजावलेलं.

"सिस्टर," तो म्हणाला, "आजारी मेंढराला टोचत नसतात."

"काय?"

"लस. ती धडधाकटाला. आजाऱ्याला टोचली की ते जातंय. चाळीस वर्सं मेंढरं राखतोय मी."

अमृत फिस्सकन हसला. सिस्टर दुसऱ्या मशिनकडं पळाली, त्याचा गजर वाजत होता.

*

दुसऱ्या दिवशी वस्तीवर मेंढरांचंच टोचण होतं. पावसाळ्याच्या आत दरसालचं. जनावरांच्या दवाखान्यातला माणूस मोटारसायकलवर थर्मास बांधून आला. थर्मासात बर्फ, बर्फात लशीची बाटली. मुलगा बिरुदेव एकेक मेंढरू वाघरातनं, जाळीच्या कुंपणातनं, ओढून आणायचा, जोतीराम दोन गुडघ्यांत त्याची मान धरायचा, दवाखान्याचा माणूस टोचायचा.

"बर्फ लई पातळ झालाय," जोतीराम म्हणाला.

"पोचेपातुर वितळतंय की, अण्णा. ऊन बघा."

"मग बेगी टोच. गरम झाली की पाणी हुतीया ही लस. मागच्या साली सुपनवराची बारा मेंढरं अशीच गेली."

ह्या कामात जोतीरामला कुणी हसत नव्हतं. त्याचं बोट मेंढराच्या कानामागं गेलं की ताप किती ते त्याला कळायचं. एका मेंढीला त्यानं गुडघ्यातनं सोडून दिलं.

"हिला नगं. अंग गरम हाय. बाजूला बांध, बिरू."

खोपटाच्या सावलीत बाजेवर पडलेली बजाबाई ते बघत होती. काल मशिनवरनं आल्यापासून तिच्या पिंढऱ्यांत गोळे येत होते. ओठांवर पापुद्रे. ओल्या फडक्यानं ती ओठ पुसायची, गिळायची नाही.

टोचणारा गेल्यावर ती म्हणाली, "महिपतीला फोन लावा बरं."

"कशाला?"

"गेलं का सोलापूरला इचारा."

"त्येंचं ते बघतील."

"उद्या माझा कागद आला तर?"

जोतीराम हात धूत होता. चूळभर पाण्यात. "तुझा कशाला येतोय?"

"तिसऱ्या खुर्चीवर आला, चौथीवर का येणार न्हाय? त्येंचं रगत आन माझं रगत एका खोलीत फिरतंय. माझा कागद आला तर सोलापूर. आठवड्यातनं दोनदा, येस्टीनं. मला वस्तीवरनं डांबरीपातुर चालवत न्हाय."

"म्हणून लस टोचून मारू का तुला? त्या मेंढीला का सोडली, बघितलंस न्हवं?"

"मी काय मेंढरू हाय का?"

"मेंढरापरास नाजूक हायेस." तो रागानं बोलला, पण खरं बोलला. दीड वर्षात तिचे खांदे निम्मे झाले होते. मशिनच्या सुया तो बघायचाच नाही, भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा.

बजाबाईनं फडकं पुन्हा ओलं केलं.

*

शुक्रवारी तिसरी खुर्ची रिकामी होती. मशिनही बंद, वर पांढरी चादर. बजाबाईची नजर तिकडंच.

वैजयंती सिस्टर स्वतःहून जोतीरामकडं आली. तिच्या हातात लशीची चिठ्ठी होती. "मामा, त्या दिवशी मी घाईत होते. आता सांगा. आजारी मेंढराला का टोचत नाही तुम्ही?"

जोतीरामला वाटलं, चेष्टा. पण तिचा चेहरा तसा नव्हता.

"अंगात ताप असला की लस झेपत न्हाय. मग त्याला ताप उतरंस्तवर बाजूला बांधायचं. कळपात सोडायचं न्हाय."

"बाजूला का?"

"दुसऱ्याचा रोग त्येला लागू नये, त्येचा दुसऱ्याला लागू नये."

"बरोबर. आता मावशींना ताप आहे का?"

"न्हाय."

"त्यांना बाजूला बांधता येईल का?"

जोतीरामनं मशिनला जोडलेल्या बजाबाईकडं बघितलं.

"आजारी मेंढरू तुम्ही वाघराबाहेर काढता. आम्ही उलटं करतो, मामा. दहा गावांचे आजारी आणून एका वाघरात कोंबतो. आठवड्यातनं दोनदा, चार-चार तास. आम्ही हातमोजे घालतो, मशिन धुतो. तरी महिपतीमामांना लागलं. कुठनं लागलं, मला अजून कळलेलं नाही. झोप लागत नाही मला."

"तुमचं वाघर घाण, आन टोचायचं माझ्या बायकूला?"

"हो," सिस्टर म्हणाली. "तसंच आहे."

एवढं सरळ उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. तो बाहेर गेला, काठी घेतली, परत ठेवली, उन्हात उभा राहिला.

परत जाताना वडापच्या जीपमध्ये बजाबाईनं त्याच्या बंडीच्या खिशात काहीतरी सारलं. "सिस्टरची चिठ्ठी हाय. फाडायची तर फाडा. पण तुमच्या हातानं फाडा, मला सांगून."

त्यानं फाडली नाही. काढलीही नाही.

*

सोमवारी त्या गरम मेंढीचं औषध आणायला तो सांगोल्याला आला. एसटी स्टँडवर बाकावर एक माणूस बसला होता, पिशवी छातीशी धरून. तोंड भाकरीसारखं फुगलेलं, डोळ्यांच्या फटी झालेल्या. जोतीराम पुढं गेला आणि चार पावलं मागं आला.

"महिपती?"

"जोतीराम का? ये. बस म्हणत न्हाय तुला, भ्याशील."

जोतीराम बसला. "सोलापूरला गेला न्हवतास?"

"गेलतो. नंबर आजचा दिलाय." तो दोन शब्द बोलून थांबायचा, श्वास घ्यायचा. "सहा दीस झालं. आडवं हुता येत न्हाय. आडवं झालं की पाणी हितं येतंय." त्यानं गळ्यावर हात ठेवला. त्याच्या पावलांत चप्पल शिरत नव्हती. ती पिशवीत होती.

"संगं कोण हाय?"

"बागेत औषध मारायला गडी आल्यात, बायकू तितं. पोरगी पुण्याला." तो हसला का धापला ते कळलं नाही. "सिस्टरनं मला फेब्रुवारीत सांगितलं हुतं, लस घ्या म्हणून. मी म्हणलं बहार निघू दे. बहार चांगला निघाला बघ, जोतीराम. एकेक डाळिंब अर्ध्या किलोचं."

सोलापूरची गाडी लागली. महिपती उठला आणि पायरीवरच थांबला. पाय उचलेना. मागनं माणसं ओरडायला लागली, "ओ, चढा की!" कंडक्टर म्हणाला, "दारू पिऊन येत्यात सकाळ-सकाळी."

"पाणी पिऊन आलाय त्यो," जोतीराम म्हणाला. त्यानं काखेत हात घालून महिपतीला वर ढकलला, खिडकीशी बसवला आणि स्वतः शेजारी बसला.

"तू कुटं?"

"तुझ्यासंगं."

"मेंढीचं औषध?"

"मेंढी थांबंल."

दोन-अडीच तास महिपतीनं तोंड खिडकीबाहेर काढून ठेवलं. गरम वारा, डोळ्यांत धूळ. जोतीराम त्याची पिशवी धरून बसला. त्याला राहून राहून खिडकीशी बजाबाई दिसत होती, आणि तो कुणालातरी मारावंसं वाटणाऱ्या माणसासारखा काठी आवळत होता.

दवाखान्याच्या दारात महिपतीला चाकाच्या खुर्चीत घालून आत नेईपर्यंत तो थांबला. मग विचारत विचारत सात रस्ता चौकात गेला. औषधाच्या दुकानात गर्दी होती. पागोटं बघून लोक आपोआप त्याच्या पुढं घुसत होते. चौथ्यांदा त्यानं चिठ्ठी पुढं केली तेव्हा दुकानदारानं ती ओढली.

"दोन व्हायल. कुठे न्यायचंय?"

"सांगोल्याला."

"थंड ठेवा."

"ठेवतो की. कसं ठेवू ते..."

"बाजूला व्हा, आजोबा. पुढचे."

बर्फाच्या पुडीसकट त्यानं पिशवी छातीशी धरली. परतीच्या गाडीत तो घडीघडीला आत हात घालून बघायचा. मंगळवेढ्याच्या पुढं बर्फाचं पाणी झालं. सुपनवराची बारा मेंढरं त्याला आठवली. गाडीतनं उतरला तो वस्तीवर गेलाच नाही. फाट्यावरच्या शिवराजच्या दुकानात आइस्क्रीमची पेटी होती. डीप फ्रीझर.

"शिवराज, ही पार तळाला ठेव. जितं सगळ्यात घट्ट बर्फ हाय तितं. मेंढरांची लस ठेवतोस न्हवं, तशी."

"लाईट जाती, अण्णा."

"म्हणून तर तळाला. आन उद्या सकाळपातुर उघडू नगंस. आइस्क्रीम मागाय कोण आलं तर संपलं म्हण."

घरी येऊन तो बजाबाईला म्हणाला, "आणली." तिनं विचारलं नाही काय. ती बाजेवर उठून बसली.

"महिपती?"

"आत घेतला."

*

मंगळवारी सकाळी जोतीरामनं पिशवी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली. सिस्टरनं बाटली काढली. तिचा चेहरा उजळला आणि लगेच बदलला. तिनं बाटली हलवली, उजेडात धरली, पुन्हा हलवली. आत पांढऱ्या चिंध्या खाली बसत होत्या. दुसरी बाटलीही तशीच.

"मामा, ही गोठली होती का?"

"गोठणारच की!" तो अभिमानानं म्हणाला. "रातभर फ्रीझरच्या तळाला हुती. दगडागत. सकाळी वडापात बसेपातुर बर्फातनं काढली न्हाय."

सिस्टर खुर्चीवर बसली. "ही गोठली की मरते, मामा. ही फ्रीझरात ठेवायची नसते. नुसती गार. मेंढरांची ती बर्फात जगते, ही बर्फात मरते."

जोतीराम बाटल्यांकडं बघत राहिला.

"मामांनी कुल्फी केली लशीची," अमृत म्हणाला. दोन खुर्च्यांवरनं हसू आलं. मशिनवर पडलेली, हलता न येणारी माणसं, पण हसायला त्यांना जोर होता.

जोतीरामचा आवाज फुटला. "चिठ्ठीवर लिव्हलंत का तुमी? मेंढरांचा माणूस मोटारसायकलवरनं येतोय तर संगं थर्मास आणतोय. बर्फ किती, कवापातुर, सगळं सांगतोय. मेंढराला! हितं माणसाच्या हातात कागुद द्यायचा आन म्हणायचं, आणा. त्यो दुकानदार म्हणतोय थंड ठेवा. थंड म्हंजे किती? मी अडाणी हाय, मला मेंढरांचंच म्हायती. तुमी शिकल्याली, तुमाला कुणाचं म्हायती?"

सिस्टर म्हणाली, "मी लिहायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

"तुमचं चुकलं, माझं चुकलं, आन मरायचं कुणी?"

"अमृत," बजाबाईनं हाक मारली. दोन्ही नळ्या लाल, ती खुर्चीत आडवी, आवाज बारीक. "तू हसलास न्हवं? दीड वरीस झालं, मला टोचतोयस. एका तरी माणसाला एक बाटली आणून दिलीस का?"

अमृतनं मशिनच्या बटनाकडं बघितलं.

"ह्येंनी आणली. चुकीची आणली, पर आणली. आता हस."

ती सिस्टरकडं वळली. "लस हितं येऊस्तवर मरतीया म्हणता. मग मीच जाते लशीकडं. जितं फ्रिज हाय तितंच टोचून घेते. तसं ठिकाण सांगा."

सिस्टरनं तिथल्या तिथं फोन लावला.

*

बुधवारी ती दोघं सोलापुरात सात रस्त्याच्या जवळ एका दवाखान्याच्या बाकावर बसली होती. लहान मुलांचा दवाखाना. लशीचा फ्रिज नेहमी चालू असतो तो असल्याच ठिकाणी. भिंतीवर हत्ती, ससे, फुगे. बाकावर तापलेली, किरकिरणारी लेकरं आणि मध्ये बजाबाई, इरकलीचा पदर ओठांवर धरून. येताना गाडीत तिला दोनदा उलटी झाली होती.

"नातू कुठाय?" काउंटरवरच्या पोरीनं विचारलं.

"नातू न्हाय. मलाच टोचायचंय."

"तुम्हाला?" पोरगी हसली. चिठ्ठी वाचून तिचं हसू गेलं. "डायलिसिस का?" ती जरा मोठ्यानंच बोलली. शेजारच्या बाईनं लेकरू दुसऱ्या मांडीवर घेतलं, बजाबाईपासनं लांबच्या.

"मला काय न्हाय झाल्यालं, बाई," बजाबाई तिला म्हणाली. "हू नये म्हणून तर आलीया. तुझ्या लेकरागत."

बाई ओशाळली. लेकरू मात्र बजाबाईच्या फुगलेल्या शिरेकडं टक लावून बघत होतं.

आत डॉक्टरीणबाईंनी फ्रिज उघडला, बाटल्या काढल्या. जोतीराम पुढं झाला. "दाखवा."

"काय?"

"हलवून दाखवा. उजेडाला धरून."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग बाटली हलवून दाखवली. दुधाळ, सारखी. चिंध्या नाहीत. "बरोबर बघता तुम्ही," त्या म्हणाल्या.

"डाव्या हाताला हात लावू नका, ती मशिनची शीर हाय," बजाबाईनं सांगितलं आणि उजवी बाही वर केली. दोन्ही सुया एकाच हाताला, दोन बोटं अंतर सोडून. पहिली सुई वर आली तसा जोतीराम भिंतीकडं वळला. मग परत फिरला आणि बजाबाईची मान दोन्ही हातांनी घट्ट धरली, मेंढराची धरतो तशी.

"सोडा की! मी काय पळून चाललीया?"

बाहेर काउंटरवरची पोरगी ह्यावर मनापासून हसली.

टोचून झालं. डॉक्टरीणबाईंनी कार्डावर तारखा घातल्या. "पुढची महिन्यानं. मग त्याच्या पुढच्या महिन्यात. शेवटची आजपासून सहा महिन्यांनी. चारही झाल्या की महिन्यानं रक्त तपासायचं, लस लागू झाली का ते."

जोतीरामनं कार्डावरनं मान वर केली. "लागू झाली का, म्हंजे? न्हाय बी हुत?"

"ह्या आजारात काहींना पहिल्यांदा लागू होत नाही."

"चार बारी टोचून? चार बारी ही गाडी, ही उलटी, हे ऊन? आन मग न्हाय?" त्याचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. एक लेकरू रडायला लागलं. "मग करायचं काय?"

डॉक्टरीणबाई बोलायच्या आत बजाबाईनं बाही खाली ओढली. तिनं टेबलाची कड धरली आणि उभी राहिली.

"मग परत पहिल्यापासनं," ती म्हणाली. "चला. दोनची गाडी चुकंल."